खंडाने देणे आहे : पोटोमॅकच्या काठची चार शेते

१.
२०२० साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात एक मालमत्ता विक्रीस निघाली. पोटोमॅक नदीच्या काठावरची २७ एकर जागा, तीत एक जुने घर, बागा आणि कुरण. काही किलोमीटरवर अलेक्झांड्रिया हे अठराव्या शतकात वसलेले ऐतिहासिक शहर. अपेक्षित किंमत होती ३ कोटी २९ लाख डॉलर. या जागेचे नाव ‘रिव्हर फार्म’. ज्या शेताचा हा उरलेला तुकडा, त्या शेताची जाहिरात त्याआधी २२४ वर्षांपूर्वीही निघाली होती. जाहिरात देणारे गृहस्थ तेव्हा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते. त्यांचे नाव जॉर्ज वॉशिंग्टन.

२.
वॉशिंग्टन यांना जमीन विकायची नव्हती, खंडाने द्यायची होती. इच्छुक शेतकऱ्याला जे जे जाणून घ्यावेसे वाटेल ते सारे त्यांनी तपशिलाने कळवले होते. मातीचा पोत, नदीतले मासे, बाजारापर्यंतचे अंतर, कोठारे आणि कुंपणे यांत काहीच सुटले नव्हते. शेते दुसऱ्याच्या हाती देण्यामागचे सर्वांत मोठे कारण मात्र त्यांनी कुठेही छापले नाही. ते त्यांनी एका खासगी पत्रात, एकाच विश्वासू माणसाला कळवले होते. त्या कारणाची आणि त्याच्या अपयशाची ही हकीकत आहे.

३.
माउंट व्हर्नन ही वॉशिंग्टन घराण्याची इस्टेट. अलेक्झांड्रियाच्या दक्षिणेस सुमारे १५ किलोमीटरवर, पोटोमॅकच्या उंच काठावर ती वसली आहे. १६७४ पासून ही जमीन घराण्याकडे होती. जॉर्ज यांचे थोरले सावत्र बंधू लॉरेन्स हे ब्रिटिश ॲडमिरल एडवर्ड व्हर्नन यांच्या हाताखाली लढले होते. त्या सेनानीचे नाव त्यांनी आपल्या इस्टेटीला दिले. १७४९ साली अलेक्झांड्रिया शहराची स्थापना झाली, तेव्हा त्याच्या भूखंडांचा एक नकाशा सतरा वर्षांच्या जॉर्जने काढला होता. जमीन मोजणे हा त्याचा पहिला व्यवसाय होता आणि जमिनीची ओढ त्याला जन्मभर पुरली.

४.
१७५२ मध्ये लॉरेन्स वारले. दोन वर्षांनी जॉर्ज यांनी ही इस्टेट वहिनीकडून खंडाने घेतली. खंड ठरला वर्षाला १५,००० पौंड तंबाखू. व्हर्जिनियात तेव्हा नाण्यांची टंचाई असे आणि तंबाखूच चलनासारखा चाले. त्या करारात जमिनीबरोबर अठरा गुलाम माणसांचाही समावेश होता. जमिनीच्या कागदात विहीर, झाडे आणि गोठा यांची नोंद व्हावी, तशी ही माणसे नोंदली जात. या व्यवस्थेत वाढलेल्या तरुणाला त्यात वावगे काही दिसले नाही. पुढची कित्येक वर्षे ते दिसले नाही.

५.
१७५९ मध्ये त्यांनी मार्था कस्टिस या श्रीमंत विधवेशी विवाह केला आणि १७६१ मध्ये वहिनीच्या निधनानंतर माउंट व्हर्ननची मालकी त्यांच्याकडे आली. शेजारच्या जमिनी विकत घेण्याचा सपाटा त्याआधीच सुरू झाला होता. १७६० मध्ये विल्यम क्लिफ्टन यांच्या मालकीचे नदीकाठचे सुमारे १,८०० एकर त्यांनी १,२१० पौंडांना घेतले. हेच पुढचे रिव्हर फार्म. दोन हजारांहून थोड्या अधिक एकरांची इस्टेट वाढत वाढत ८,००० एकरांच्या आसपास गेली. तिचे पाच भाग होते : मॅन्शन हाउस, रिव्हर, युनियन, डोग रन आणि मडी होल.

६.
सुरुवातीला येथे तंबाखू पिके. तंबाखू जमिनीचा कस झपाट्याने शोषून घेतो, म्हणून मळेवाल्यांना सतत नवी जमीन लागे. माल लंडनच्या व्यापाऱ्यांकडे जाई. भाव ते ठरवत आणि मळेवाले त्यांच्या कर्जात बुडत. वॉशिंग्टन यांनी १७६० च्या दशकात तंबाखू सोडून गहू धरला. हा निर्णय त्या काळातील व्हर्जिनियात धाडसाचा होता. गहू घरच्या पाणचक्कीत दळता येई, पीठ स्वतःच्या नावाने विकता येई आणि लंडनच्या दलालांची मिनतवारी करावी लागत नसे.

७.
शेतीत त्यांना खरोखर रस होता. सात वर्षांची पिकांची फेरपालट, खताचे आणि नांगरांचे प्रयोग, खेचरांची पैदास असे त्यांचे सतत काही ना काही चाललेले असे. डोग रन शेतावर त्यांनी सोळा बाजूंचे कोठार बांधले. महाराष्ट्रातील खळ्यावर मेढीभोवती बैल फिरवून मळणी होई. येथे त्याच पद्धतीने, पण छपराखाली, लाकडी तक्तपोशीवर घोडे फिरत आणि फळ्यांच्या फटींतून धान्य खालच्या मजल्यावर पडे. वसंत ऋतूत नदीत जाळी पडत. १७७२ च्या एका हंगामात दहा लाखांवर हेरिंग मासे पकडले गेले.

८.
हे सारे करणारे हात गुलाम माणसांचे होते. नांगरणी, कापणी, मासेमारी, लोहारकाम, सुतारकाम, विणकाम आणि स्वयंपाक सगळे त्यांच्याकडे. त्यांच्या श्रमावर उभी असलेली इस्टेट बाहेरून भरभराटीची दिसे. आतून मात्र पैशाची चणचण होती. १७८९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेण्यासाठी न्यूयॉर्कला निघण्यापूर्वी वॉशिंग्टन यांना अलेक्झांड्रियातील रिचर्ड कॉनवे यांच्याकडून ५०० पौंड कर्जाऊ घ्यावे लागले. हजारो एकरांचा धनी, पण हाती रोकड नाही, अशी ती अवस्था होती.

९.
गुलामगिरीविषयी त्यांचे मत बदलू लागले ते स्वातंत्र्ययुद्धानंतर. युद्धात कृष्णवर्णीय सैनिक त्यांच्या फौजेत लढले होते आणि स्वातंत्र्याची भाषा बोलणाऱ्या देशाला हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. १७८२ मध्ये व्हर्जिनियाच्या कायद्याने मालकांना आपल्या गुलामांना मुक्त करण्याची मोकळीक दिली. १७८६ मधील पत्रांत वॉशिंग्टन यांनी लिहिले, की गुलामगिरी कायद्याने हळूहळू संपावी अशी आपली इच्छा आहे आणि आणखी माणसे विकत घेण्याचा आपला विचार नाही. हे सारे खासगी पत्रांत होते. जाहीरपणे ते या विषयावर मौन पाळत.

१०.
१२ डिसेंबर १७९३. राष्ट्राध्यक्षपदाच्या दुसऱ्या कारकिर्दीत त्यांनी आर्थर यंग यांना एक लांबलचक पत्र लिहिले. यंग हे इंग्लंडमधील ख्यातनाम शेतीलेखक, एका शेतीविषयक नियतकालिकाचे संपादक. दोघांची पत्रमैत्री १७८६ पासूनची. राहते घर आणि त्याभोवतीचे मॅन्शन हाउस शेत स्वतःकडे ठेवून उरलेली चार शेते खंडाने द्यावीत, असा आपला विचार असल्याचे वॉशिंग्टन यांनी कळवले. त्यांना हवी होती ब्रिटनमधली जाणती कुळे. अमेरिकन शेतकऱ्यांच्या गबाळ्या पद्धतींवर त्यांचा विश्वास नव्हता.

११.
पत्रातले वर्णन एखाद्या मुरलेल्या मालमत्ता दलालालाही जमणार नाही इतके नेटके आहे. उंच, कोरडी आणि निरोगी जागा, उष्णता व थंडी या दोन टोकांच्या मधले हवामान, चिकणमातीकडे झुकणारी पोयट्याची जमीन, बारमाही माशांनी भरलेली नदी. चारही शेतांची लागवडीची जमीन मिळून सुमारे ३,२६० एकर, त्यांपैकी एकट्या रिव्हर फार्मची १,२०७ एकर. सोबत स्वतःच्या हाताने काढलेला पाचही शेतांचा नकाशा होता. नांगरता येण्याजोग्या आणि गवताच्या जमिनीचा खंड : एकरी एक स्पॅनिश चांदीचा डॉलर.

१२.
गुलामांचा उल्लेख त्या पत्रात ओझरता येतो. नव्या कुळांना हवे असल्यास त्यांतल्या अनेकांना वर्षाच्या मजुरीवर ठेवता येईल, असे वॉशिंग्टन सुचवतात. वाचणाऱ्याला ही मजुरांची सोय वाटावी. तिचा खरा अर्थ पाच महिन्यांनी लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात उलगडतो. ६ मे १७९४ रोजी त्यांनी टोबायस लिअर यांना लिहिले. लिअर हे त्यांचे अनेक वर्षांचे सचिव, तेव्हा व्यापाराच्या कामासाठी ब्रिटनमध्ये गेले होते.

१३.
त्या पत्रातील एक परिच्छेद केवळ लिअर यांच्यासाठी, खासगी म्हणून लिहिलेला आहे. जमिनी खंडाने देण्यामागे उतारवयात जाच कमी व्हावा, उत्पन्न निश्चित व्हावे ही कारणे आहेतच. पण इतर सर्व कारणांहून बलवत्तर असा एक हेतू असल्याचे त्यात म्हटले आहे. आपल्या मनाला न पटणारी, तरी गरजेपोटी बाळगावी लागलेली जी ‘मालमत्ता’ आपल्याकडे आहे, तिला मुक्त करणे हा तो हेतू. मालमत्ता म्हणजे माणसे. या खासगी परिच्छेदातही वॉशिंग्टन यांनी गुलाम हा शब्द टाळला आहे.

१४.
योजना अशी होती. शेते कुळांकडे गेली की खंडाचे ठरलेले उत्पन्न सुरू होईल. ओहायो आणि ग्रेट कनावा या पश्चिमेकडील नद्यांच्या काठी असलेल्या त्यांच्या विस्तीर्ण जमिनी विकल्या की भांडवल हाती येईल. मग इस्टेट चालवण्यासाठी गुलामांची गरज उरणार नाही. त्यांना मुक्त करता येईल आणि तीच माणसे त्याच शेतांवर नव्या कुळांकडे मजुरी घेऊन काम करू शकतील. जमीन तीच, हात तेच, फक्त नाते बदलायचे. १ फेब्रुवारी १७९६ च्या तारखेने ही जाहिरात निघाली. पश्चिमेच्या जमिनी विक्रीस, माउंट व्हर्ननची चार शेते खंडाने.

१५.
जाहिरात फसली. तिचे पहिले कारण अमेरिकेच्या भूगोलात होते. ब्रिटनमध्ये जमीन थोडी आणि माणसे फार, म्हणून चांगला शेतकरीही आनंदाने कूळ होई. अमेरिकेत गणित उलटे होते. पश्चिमेकडे जमीन अफाट आणि स्वस्त होती. शेतीचे ज्ञान, थोडे भांडवल आणि समुद्र ओलांडण्याची हिंमत या तिन्ही गोष्टी ज्याच्याकडे आहेत, त्याने दुसऱ्याची जमीन खंडाने का कसावी? तो स्वतःची जमीन घेई. वॉशिंग्टन यांना हवा असलेला शेतकरी नेमका असा होता, की त्याला वॉशिंग्टन यांच्या जमिनीची गरज नव्हती.

१६.
दुसरे कारण मातीत होते. १७९८ मध्ये रिचर्ड पार्किन्सन नावाचे इंग्रज शेतकरी रिव्हर फार्म घेण्याच्या इराद्याने अटलांटिक ओलांडून आले. त्यांनी शेत पाहिले आणि नकार दिला. तंबाखूने पिळून काढलेल्या त्या जमिनीचा कस त्यांना दिसेना. पुढे १८०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्यांनी लिहिले, की तेथे राहण्याच्या अटीवर ते १,२०० एकर कोणी फुकट दिले असते तरी घेतले नसते. तीन दशकांची फेरपालट आणि खतेसुद्धा आधीच्या पिढ्यांनी काढून घेतलेले परत भरू शकली नव्हती.

१७.
तिसरे कारण सर्वांत गुंतागुंतीचे. मार्था यांचे पहिले पती डॅनियल पार्क कस्टिस १७५७ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. कायद्याने त्यांच्या संपत्तीचा एक तृतीयांश भाग मार्था यांना मिळाला, पण तो केवळ हयातीपुरता. त्या भागातील गुलाम माणसे त्यांच्यानंतर कस्टिस वारसांकडे जाणार होती. त्यांना मुक्त करण्याचा अधिकार ना मार्था यांना होता, ना जॉर्ज यांना. आणि गेल्या तीन-चार दशकांत दोन्हीकडच्या माणसांची आपापसांत लग्ने झाली होती. नवरा वॉशिंग्टनचा, बायको कस्टिसची, आणि मुले आईच्या मालकाची. एकाला मुक्त करायचे म्हणजे एक घर मोडायचे.

१८.
१७९६ या एकाच वर्षात राष्ट्राध्यक्षांच्या घराशी निगडित दोन जाहिराती निघाल्या. पहिली फेब्रुवारीतील शेतांची. दुसरी मे महिन्यातील. राजधानी तेव्हा फिलाडेल्फियात होती. राष्ट्राध्यक्षांच्या निवासातून ओना जज नावाच्या तरुण स्त्रीने पलायन केले असून पकडून देणाऱ्यास दहा डॉलर इनाम मिळेल, अशी ती जाहिरात राष्ट्राध्यक्षांच्या कारभाऱ्याने दिली होती. ओना जज या मार्था यांच्या खास सेविका, वय विशीच्या थोडे पुढे. मार्था यांच्या नातीला लग्नाची भेट म्हणून आपल्याला देण्यात येणार असल्याचे त्यांना कळले. २१ मे रोजी घरातली माणसे जेवायला बसलेली असताना त्या बाहेर पडल्या.

१९.
त्या न्यू हॅम्पशायरमधील पोर्ट्समथ येथे पोहोचल्या. वॉशिंग्टन यांनी सरकारी अधिकाऱ्यांमार्फत त्यांना परत आणण्याचा प्रयत्न केला. वॉशिंग्टन दांपत्याच्या मृत्यूनंतर मुक्तता मिळेल असा शब्द मिळाल्यास परतण्याची तयारी ओना यांनी दाखवली. वॉशिंग्टन यांनी ती अट धुडकावली. पळून जाणाऱ्याला असे बक्षीस दिले, तर निष्ठेने राहिलेल्यांवर अन्याय होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. ओना या कस्टिस वारसांच्या वाट्यातील, म्हणून त्यांची भरपाई द्यावी लागेल ही चिंताही त्यामागे होती. दोन वर्षांपूर्वी लिअर यांना ते पत्र लिहिणारा माणूस हाच.

२०.
ओना जज कधीच पकडल्या गेल्या नाहीत. त्यांनी लग्न केले, संसार केला, गरिबीत दिवस काढले. उतारवयात त्यांना वाचताही येऊ लागले होते. १८४० च्या दशकात वृत्तपत्रांनी त्यांच्या मुलाखती छापल्या. माउंट व्हर्ननमधले त्या मानाने सुखाचे जिणे सोडल्याचा पश्चात्ताप होतो का, या प्रश्नाला त्यांनी ठाम नकार दिला. आपण स्वतंत्र आहोत, हे त्यांना पुरेसे होते. १८४८ मध्ये त्या वारल्या. मालक योग्य व्यवहाराची वाट पाहत राहिला. ओना यांनी वाट पाहिली नाही.

२१.
१७९९ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टन यांनी इस्टेटीवरील प्रत्येक गुलाम माणसाची यादी केली. एकूण ३१७. त्यांतील १२३ त्यांच्या मालकीचे, १५३ कस्टिस वाट्यातील आणि ४१ इतरांकडून भाड्याने घेतलेले. जुलैत त्यांनी मृत्युपत्र केले. आपल्या मालकीच्या सर्वांना मार्था यांच्या मृत्यूनंतर मुक्त करावे. वृद्ध व अपंगांना इस्टेटीने आयुष्यभर अन्नवस्त्र द्यावे. पोरक्या मुलांना पंचविसाव्या वर्षापर्यंत सांभाळून लिहा-वाचायला आणि एखादे कसब शिकवावे. युद्धभर सावलीसारखे सोबत राहिलेले विल्यम ली यांना तत्काळ मुक्तता आणि वर्षाला तीस डॉलर.

२२.
१४ डिसेंबर १७९९ रोजी वॉशिंग्टन यांचे निधन झाले. मार्था यांच्या मृत्यूवर शंभराहून अधिक माणसांची मुक्तता अवलंबून आहे, ही गोष्ट त्या घरात कोणालाच सुखाने झोपू देणारी नव्हती. मार्था यांनी वाट न पाहता १ जानेवारी १८०१ पासून त्या सर्वांना मुक्त केले. पण १८०२ मध्ये त्या वारल्या, तेव्हा कस्टिस वाट्यातील माणसे चार नातवंडांत विभागली गेली. ज्या ताटातुटीच्या भीतीने वॉशिंग्टन इतकी वर्षे थबकले, ती ताटातूट झालीच. मुक्त बाप एका गावी आणि गुलाम बायकामुले दुसऱ्या इस्टेटीवर, अशी ती वाटणी होती.

२३.
इस्टेटीचेही तुकडे झाले. रिव्हर फार्म एका पुतण्याच्या मुलांकडे गेले. डोग रनकडची सुमारे २,००० एकर जमीन भाचा लॉरेन्स लुइस व त्याची पत्नी नेली यांना मिळाली. तेथे वुडलॉन नावाचा वाडा उभा राहिला. मुख्य घर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश असलेले पुतणे बुशरॉड वॉशिंग्टन यांच्याकडे आले. त्यांनी सोबत आपले गुलाम आणले आणि १८२१ मध्ये इस्टेटीचा खर्च भागवण्यासाठी ५४ जणांना लुइझियानाच्या मळेवाल्यांना विकले. वृत्तपत्रांत टीका झाली. काकांचे मृत्युपत्र पुतण्यावर बंधनकारक नव्हते.

२४.
तरीही वॉशिंग्टन यांना न साधलेला व्यवहार त्याच मातीवर पुढे दोनदा झाला. पहिला वेस्ट फोर्ड यांनी केला. ते वॉशिंग्टन घराण्यात गुलाम म्हणून जन्मले, मुक्त झाले आणि माउंट व्हर्ननवरच कामाला राहिले. १८३३ मध्ये त्यांनी मडी होल शेताच्या परिसरात २१४ एकर जमीन विकत घेतली. तेथे गम स्प्रिंग्ज नावाची मुक्त कृष्णवर्णीयांची वस्ती वाढली. ती आजही आहे. त्याच १८३३ पर्यंत मृत्युपत्रानुसार मुक्त झालेल्या वृद्धांना इस्टेटीकडून निर्वाहखर्च मिळत होता.

२५.
दुसरा व्यवहार १८४६ मधला. क्वेकर हा शांततावादी ख्रिस्ती पंथ गुलामगिरीचा कट्टर विरोधक. त्या पंथाच्या जेकब ट्रॉथ आणि चॉकली गिलिंगहॅम यांनी वुडलॉनची जमीन विकत घेतली. जहाजबांधणीसाठी लाकूड तोडले, मग जमिनीचे लहान लहान तुकडे करून ते गोऱ्या आणि मुक्त कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना विकले. गुलामांच्या राज्यात, गुलामांशिवाय शेती किफायतशीर होऊ शकते, हे त्यांना दाखवायचे होते. त्यांनी कुळे शोधली नाहीत. कसणाऱ्यालाच मालक केले. पन्नास वर्षांपूर्वीची ती जाहिरात नेमकी येथे कमी पडली होती.

२६.
मुख्य घराची विक्री १८५८ मध्ये झाली. तोवर ते मोडकळीस आले होते. तेव्हाचे मालक जॉन ऑगस्टीन वॉशिंग्टन यांनी ते केंद्र सरकारने किंवा व्हर्जिनिया राज्याने घ्यावे म्हणून प्रयत्न केला होता. त्यांना यश आले नाही. दक्षिण कॅरोलायनातील ॲन पामेला कनिंगहॅम यांनी स्त्रियांची संघटना उभारून देशभर वर्गणी गोळा केली आणि घर, समाधी व २०० एकर जमीन २ लाख डॉलरला घेतली. एकरी एक डॉलर खंडानेही जी जमीन घ्यायला कोणी पुढे आले नव्हते, तिच्या शेजारची ही जागा आता एकरी हजार डॉलरला गेली. हा भाव मातीचा नव्हता, नावाचा होता.

२७.
गुलामगिरी अखेर संपली ती यादवी युद्धानंतर, १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने. या घटनेचा पडसाद महाराष्ट्रापर्यंत पोहोचला. १८७३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. पोटोमॅककाठच्या शेतांत जो प्रश्न वॉशिंग्टन यांनी शब्दही न उच्चारता मांडला होता, तोच पुण्यातील फुल्यांनी ग्रंथाच्या शीर्षकातच उच्चारला.

२८.
रिव्हर फार्मच्या उरलेल्या जागेवर १९७० च्या दशकाच्या प्रारंभी पुन्हा विक्रीची वेळ आली होती. सोव्हिएत दूतावासाने ती घेण्यात रस दाखवल्यावर खळबळ उडाली. एनिड हॉप्ट या दानशूर बाईंच्या देणगीतून १९७३ मध्ये अमेरिकन हॉर्टिकल्चरल सोसायटीने ती घेतली. २०२० मध्ये हीच संस्था ती विकायला निघाली. एकरी बारा लाख डॉलरहून अधिक किंमत मागितली गेली. स्थानिक नागरिकांनी विरोध केला आणि २०२१ मध्ये जागा बाजारातून मागे घेण्यात आली.

२९.
माउंट व्हर्ननला वॉशिंग्टन यांच्या समाधीजवळ झाडीत एक दफनभूमी आहे. तेथे पुरलेल्या गुलाम आणि मुक्त माणसांच्या थडग्यांवर नावे नाहीत. १९२९ मध्ये तेथे एक शिळा बसवली गेली आणि १९८३ मध्ये हॉवर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आराखडा केलेले स्मारक उभे राहिले. गेल्या काही वर्षांत पुरातत्त्वज्ञ वरचा थर हलक्या हाताने काढून, आतल्या कोणालाही धक्का न लावता, एकेका थडग्याची जागा निश्चित करीत आहेत. जमिनीच्या कागदांत त्या इस्टेटीचा प्रत्येक एकर, प्रत्येक कुंपण आणि प्रत्येक कोठार मोजलेले सापडते. ही मोजणी राहून गेली होती.

(समाप्त)